मागून आणलेली पोरगी

कौंडण्यपूरच्या जत्रेत दर्शनाच्या रांगेत वच्छलाबाई तीन तास ताटकळल्या होत्या. शेजारच्या मोकळ्या रांगेतून चाकाची खुर्ची आली. खुर्चीत अठराएक वर्षांची पोरगी, तिच्या मांडीवर सगळ्यांच्या चपलांची थैली, आणि मागं सात माणसं. वच्छलाबाईंच्या पुढची बाई खुर्ची ढकलणारीशी बोलू लागली.

"तुमची लेक काय?"

"नाही जी. शेजारची आचल. तिच्या मायले मागून आणली. हे संगं असली का लाईन लागत नाही."

"चाला, तेवढंच पोरीचं फिरनं होते."

"लय फिरते! परवा आमच्या जावयाले अमरावतीले डॉक्टरले दाखवलं, हिलेच नेलं होतं. पयला नंबर!"

"मंग भलतीच मागनी हाय पोरीले."

"तर! आता इथून गेल्यावर पाटलीनबाईले द्याची हाय. त्या वाट पाहून राहिल्या."

"शिकते का?"

"बारावीले होती. पेपर तिवस्याले होते, न्याले कोनी भेटलं नाही. राहिले पेपर."

"काहून? तुमी होत्या ना शेजारी."

"आमाले तिथं काय काम होतं?"