मुकी पट्टी

जाझच्या कार्यक्रमाच्या रांगेत नर्सबाई मोबाइल बघत उभ्या होत्या. त्यांच्या पुढे पियानो सुरात लावणारा म्हातारा आणि त्याची बायको.

“अहो, एवढी गर्दी त्या पोरीसाठी?”

“तिच्या घरचा पियानो मीच लावायचो. अकरा पट्ट्या मुक्या होत्या, दाबल्या तरी वाजायच्या नाहीत; दुरुस्तीला पैसे नव्हते. त्यांना वळसा घालत घालत शिकली ती.”

“आज तरी धड पियानो मिळाला म्हणायचा.”

“सकाळी चोख लावून दिला. तर म्हणते, काका, यातली एक पट्टी मुकी करा. नाहीतर हात आळसावतात.”

“आणि तुम्ही केलीत?”

“केली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा धडधाकट वाद्य बिघडवलं.”

नर्सबाईंनी मोबाइल पिशवीत टाकला.

“लोकांना कळेल की हो.”

“अगं, नंतर तिच्या सरावाला मी तासभर शेजारी बसून ऐकलं. तो सूर कुठे गाळला, मलाच कळलं नाही.”