याचा मॉनिटर बाहेर पाहिजे

त्या तुर्भ्याच्या रिपेअरवाल्याचं नाव पण काढू नका, डोकं फिरतं माझं! पप्पांचा जुना डबा कॉम्प्युटर माहितीये ना, स्क्रीन आतच फिट असलेला? ती स्क्रीन अंधुक झालेली. म्हटलं, दरवेळी पप्पांची मस्करीच करतो, या बड्डेला तरी त्यांना तो मोठ्या स्क्रीनवर चालू करून दाखवू. रिपेअरवाल्याला बोललो, "काका, याचा मॉनिटर बाहेर पाहिजे."

संध्याकाळी गेलो, तर साल्याने आतली स्क्रीन उपटून पिशवीत भरलेली!

"हा घे, काढला बाहेर."

"अहो, बाहेरून दुसरा जोडायचा होता!"

"मग तसं बोलायचं ना."

घरी पप्पांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी पिशवीत बघितलं. "मस्करीला पण लिमिट असते, गधड्या."

आईशप्पथ, या वेळी मी काहीच केलं नव्हतं रे!