चंद्रकळेनं सोडलेलं पाणी

आपांच्या घरच्या मंडळींनो, आपल्या गोधडी गटातल्या बायांनो, मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. रडू येईल म्हणून नाही. खरं बोलावं लागेल म्हणून.

नजमाआपा मागच्या शुक्रवारी गेल्या. छावणी भागातल्या याच खोलीत आपण सगळ्या त्यांच्याकडून कापड ओळखायला शिकलो. माझ्या आधी चौघी बोलल्या. आपा किती मायाळू, आपा किती हसतमुख. बायांनो, आपा हसतमुख कधी होत्या? वाकडा टाका दिसला की स्वतः उसवायच्या आणि सुई आपल्याच हातात परत द्यायच्या. समोर त्यांच्या फोटोला हार घातलाय. त्यांच्या घरी ते चालतं का, हे तरी कुणी विचारलं? या तीन वर्षांत त्यांच्या दारात किती जणी गेलात? मी गेले नाही, म्हणून विचारते.

आपा रंगरेजाची लेक. गडद कापड गोधडीत जायच्या आधी त्यांच्या हातून जायचं. गरम पाण्यात भिजवायच्या, पाणी ओतायच्या, परत भिजवायच्या. कुणी म्हणालं, आपा, मूठभर मीठ टाका, रंग पक्का होईल, तर म्हणायच्या, "मीठ भाजीत टाका बाई. जायचा तो रंग आपल्यासमोर जाऊ द्या." मग पांढरी चिंधी ओली करून त्या कापडावर घासायच्या. चिंधी पांढरी राहिली तरच कात्री लागायची. त्या चिंधीला आपा 'गवाह' म्हणायच्या.

कन्नड गावची ती गोधडी आठवते ना? एक बाई आजीची काळी चंद्रकळा आणि आजोबांची पांढरी धोतरं घेऊन आली होती. दोघंही गेलेले. तिच्या बाळाचं बारसं होतं, त्याला दोघांच्या कपड्यांची गोधडी हवी होती. चंद्रकळा ट्रंकेत जपलेली, पाणी फारसं न लागलेली. आपांनी ती तीनदा भिजवली. चिंधी घासून मला म्हणाल्या, "ताई, हिनं अजून सगळं रंगाचं पाणी सोडलं नाय. अजून दोन पाणी लागतील. घाई करू नका."

बारसं रविवारवर आलं होतं. आभाळ भरलेलं, कापड वाळत नव्हतं. गटाची सगळी धावपळ माझ्याकडं. आपा चार दिवस लेकीकडं गेल्या, आणि मी ती ओली चंद्रकळा इस्त्रीनं कोरडी करून स्वतःच कापली. कुणाला विचारलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्या बाईचा हेका आहे.

गोधडीचं पहिलं पाणी, म्हणजे पहिली धुलाई, आपल्याच घरी पडलं पाहिजे, ही आपांचीच शिस्त. ते पाणी मी माझ्या घरी घातलं. धोतराच्या पांढऱ्यावर काळपट निळं पसरलं. मी घाबरले. डोळ्यासमोरून जाऊ दे म्हणून गोधडी पिळली आणि गच्चीवर टाकली. नेमकं तेव्हाच ऊन पडलं. परत आल्यावर आपांनी ती बोटांनी चाचपली. "वाळवली का? ओली ठेवली असती तर मी काढला असता डाग. लई वेळ लागला असता, पण निघाला असता." बस, एवढंच.

मग याच खोलीत बैठक झाली. कन्नडची बाई गोधडी मांडीवर घेऊन रडत होती. अध्यक्षताईंनी विचारलं, काळ्या कापडाचं काम कुणाचं? सगळ्यांनी आपांकडं बघितलं. आपांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी चटईच्या काड्या मोजत बसले.

बायांनो, आपण आपांना काढलं नाही. आपण सभ्य माणसं. आपण फक्त म्हणालो, आपा, तुम्ही आता अस्तराचं पांढरं कापड बघा. रंगरेजाच्या लेकीला आपण पांढरं कापड दिलं. दोन महिन्यांत त्यांचं येणं बंद झालं, आणि आपण म्हणालो, गुडघे दुखत असतील.

आज सकाळी त्यांच्या सूनबाईंनी मला पत्र्याचा डबा दिला. आपांचे सगळे गवाह त्यात आहेत. प्रत्येक चिंधीला ज्या त्या कापडाचा तुकडा टाचलेला. ही बघा. हा चंद्रकळेचा तुकडा. आणि ही चिंधी. पांढरी दिसते का कुणाला? मागच्यांना दिसत नसेल तर पुढं या.

ही त्या बैठकीत आणता आली असती. सूनबाई त्यांना तेच म्हणाल्या होत्या. त्यावर आपा म्हणाल्या, "चिंधी कशाला? ताई स्वतः सांगतील. आज ना उद्या सांगतील."

तीन वर्षं त्या वाट बघत होत्या. तेवढ्या काळात माझा डाग वाळून पक्का झाला. आता तो निघायचा नाही, आणि काढणारीही राहिली नाही. आपा, कापड मी कापलं. मीच कापलं. हे तुमच्यासमोर बोलायचं होतं.

उद्या मी कन्नडला जाऊन त्या बाईलाही हेच सांगणार आहे. ही चिंधी मात्र इथं, या भिंतीवर राहील.

आता रिवाजाप्रमाणं दोन मिनिटं शांत उभं राहायचं. तुम्ही राहा. मी तीन वर्षं गप्पच होते. माझ्या वाट्याचं मौन पाळून झालंय.