पांढरी नळी

ताई : खोटं बोलू नकोस. चार तासांपूर्वी लोण्याचा नाश्ता खाल्लेल्याचं रक्त यंत्रात फिरवलं की वर दुधासारखं पाणी यायला हवं. तुझं बघ, काचेसारखं स्वच्छ.

धाकटा : खाल्ला मी, ताई. चाटूनपुसून.

थोरला : ऐकलंत ना? यंत्र बिघडलं असेल तुमचं.

ताई : त्याच यंत्रात तुझीही नळी फिरली. पांढरीफटक आहे. एका नाश्त्यात एवढी चरबी नसते.

थोरला : मला लोणी मानवतं.

ताई : तुला लोणी दिलंच नव्हतं. तुझ्या वाटणीला सूर्यफुलाचं तेल होतं. कशानं भूक जास्त वेळ दबते आणि चरबी रक्तात किती वेळ राहते, ते आठवडाभर या दवाखान्यात तपासतोय आम्ही. सख्खे भाऊ म्हणून तुम्हाला एका टेबलावर बसवलं, हीच माझी घोडचूक. ए धाकट्या, डावा हात वर घे. टेबलाखाली काय लपवतोस?

धाकटा : दारात सापडलं बोट.

ताई : दारात सापडलेलं बोट चेंगरतं. हे उलटं वाकवून मोडलंय.

थोरला : ए बाई, जास्त शहाणपणा नको. रक्त काढायचं तेवढं काढ.

ताई : तूच मोडलंस ना?

थोरला : त्या तेलानं काय भूक भागते? दोन घास मागितले, तर हा ताट धरून बसला. मग बोट धरलं मी.

ताई : आठवडाभर रोज हेच चाललंय?

धाकटा : तीस वर्षं चाललंय, ताई.

थोरला : तोंड फुटलं का तुला? थांब, दात घशात घालतो!

(थोरला नळ्यांचा स्टँड उचलून भिंतीवर आपटतो.)

ताई : अरे, वेड लागलं का! सगळीकडे काचा झाल्या!

धाकटा : आई होती तेव्हा हा ताटं फेकायचा. ती म्हणायची, देऊन टाक रे, भुकेजलाय तो. मी देत गेलो. यानं बरगडी मोडली, मी म्हणालो जिन्यावरून पडलो. यानं दात पाडला, मी म्हणालो नळावर आपटलो. वर गाल सुजलेला, त्यामुळे खाताही येत नव्हतं.

थोरला : पोसलं कोणी तुला?

धाकटा : पोसलं? माझ्याच ताटातलं खाऊन?

थोरला : ये इकडे, तुझी आता—

धाकटा : तूच ये. पण माझ्या हातात काय आहे बघून ये. फुटकी नळी आहे. गळ्यात घुसवीन आणि फिरवीन.

ताई : टाक ती खाली!

धाकटा : आधी याला बसायला सांगा.

थोरला : तू? मला?

धाकटा : बस म्हटलं ना!

ताई : बसला, बसला तो. टाक आता. हां. एक नळी यंत्रात होती म्हणून वाचली. याचीच, सकाळी उपाशीपोटी घेतलेली. तीही पांढरी आहे.

थोरला : म्हणजे काय?

ताई : म्हणजे नुसत्या आजच्या नाश्त्याचा दोष नाही. तुझ्या रक्तातली चरबी उतरतच नाहीये. अशानं स्वादुपिंड सुजतं, माणूस दगावतोसुद्धा. पोटात दुखतंय का?

थोरला : मघापासून कळ येतेय. पार पाठीपर्यंत. मला वाटलं, जास्त झालं खाणं.

ताई : उठू नकोस. पाणीही पिऊ नकोस. हॅलो, डॉक्टर? खाली या, लगेच. हो, खाट लागेल.

थोरला : ताई, मरणार नाही ना मी?

ताई : वेळेत कळलंय. घाबरू नकोस. फॉर्म भरते तोवर. घरचं माणूस म्हणून कोणाचं नाव लिहू?

थोरला : हा आहे ना. दुसरं कोण आहे मला? सांग ना रे त्यांना.

ताई : लिहू का रे तुझं?

धाकटा : नका लिहू, ताई. मी जेवायला चाललोय.