शनिवारचा बिघाड

भोसरीच्या थांब्यावर बस येईना. शिफ्ट संपवून आलेली रुपाली डोळे मिटून बाकावर टेकली होती. शेजारी दोन मेकॅनिक बोलत होते, ते तिच्या कानावर पडत होतं.

"रोहिदासभाऊ, ती सुपरचार्जरवाली गाडी गॅरेजातून गेली का?"

"गेली बाबा एकदाची. चार वेळा इंजिनाच्या कंप्युटरचं ट्यूनिंग केलं. दोन दिवस बरी चालायची अन् शनिवारी पुन्हा धापा टाकायची."

"शनिवारीच?"

"मालकाची आई दर शनिवारी लिंबू-मिरची बांधायची. पोराला दिसलेलं खपत न्हाई, म्हणून पुढच्या जाळीच्या आत, हवा ओढायच्या पाइपापाशी. वेग घेतला की मिरच्या पाइपाच्या तोंडाला चिकटायच्या. वाळल्या की गाडी आपोआप बरी."

"अन् आपल्याला वाटायचं, ट्यूनिंग लागू पडलं! चांगलं सुनावलं ना म्हातारीला?"

"काय सुनावतो, ज्योतीराम. थोरला लेक गाडीच्या अपघातातच गेला तिचा."

"मग मालकाला काय सांगितलं?"

"कंप्युटरचाच दोष व्हता, म्हटलं."

"अन् येत्या शनिवारी?"

"जाळीच्या आतच, पाइपापासून लांब, एक हुक बसवलाय. म्हातारीला दाखवून आलो."