पॉइंट तीनवरील उजव्या बुटाबाबत

नाव: महामाया देवानंद इंगळे. वय: २६ वर्षे. शिक्षण: भूमापन पदविका. व्यवसाय: जमीन मोजणी तंत्रज्ञ (कंत्राटी). राहणार: चिखली, जि. बुलढाणा.

दिनांक २७ फेब्रुवारी २०२६ रोजी पोलीस स्टेशनला स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

१. रविवार, २२ फेब्रुवारी. दुपारी १२.५८ वाजता आमची टीम पॉइंट तीनवर पोहोचली. पाच टीमपैकी पाचवी.
२. १.०० वाजता शिक्का देणारे वामनराव जेवायला बसले.
३. १.०० ते १.५२ बूट रांगेत होते, माणसे सावलीत.
४. १.५२ वाजता शिक्क्याचे टेबल तीन मीटर पूर्वेला सरकले.
५. २.०० वाजता श्री. मार्तंड देशमुख यांचा उजवा बूट जागेवर नव्हता.
६. तो मी घेतलेला नाही.

हा जबाब मी श्री. देशमुख यांच्या दिनांक २४च्या तक्रारीवरून देत आहे. मला मलकापूर येथे नवीन नोकरी मिळाली असून ९ मार्चला रुजू व्हायचे आहे. त्यासाठी लागणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला मी १७ तारखेला याच पोलीस स्टेशनकडे मागितला आहे. बुटाच्या चोरीची तक्रार निकाली निघेपर्यंत दाखला मिळणार नाही, असे मला खिडकीवर सांगण्यात आले.

स्पर्धा अशी होती. चार जणांच्या टीमने मोताळ्याच्या बाजूच्या जंगलातून अठरा किलोमीटर चालायचे. वाटेत पाच पॉइंट. प्रत्येक ठिकाणी चौघांनी एकत्र हजर राहून कार्डावर शिक्का घ्यायचा. आमच्या टीममध्ये मी, अंगणवाडीच्या मदतनीस सिंधूताई (वय ५७), एसटीचे निवृत्त चालक उकंडराव आणि परिचारिका धम्मशीला असे होतो. सिंधूताईंचा गुडघा दुखतो. म्हणून आम्ही पाचवे होतो.

पॉइंट तीन नाल्याकाठच्या जांभळाखाली होता. वामनराव तहसीलमधून निवृत्त झालेले लिपिक आहेत. आधीच्या चार टीमही नुकत्याच आल्या होत्या, शिक्का कोणालाच मिळाला नव्हता. आम्ही पोहोचल्यावर ते घड्याळ बघून म्हणाले, "एक ते दोन सुट्टी." दुसऱ्या एका टीमचे मार्तंडराव देशमुख म्हणाले, "काका, हे जंगल हाय. इथं कायची सुट्टी?" वामनराव म्हणाले, "जंगल असन तुमच्यासाठी. माह्यासाठी ड्यूटी हाय." त्यांनी शिक्का खिशात घातला आणि डबा उघडला.

रांगेत बूट ठेवण्याची कल्पना मार्तंडरावांची. बियाण्याच्या दुकानासमोर लोक चपला ठेवून नंबर धरतात, तसे. "एका मानसाचा एक जोडा, उजवा," असे त्यांनी ठरवले आणि टेबलाला लागून पहिला बूट स्वतःचा ठेवला. पाच टीमचे वीस जोडे झाले. ओळ टेबलापासून पूर्वेकडे सुमारे तीन मीटर गेली. शेवटची चप्पल सिंधूताईंची.

ती ठेवायला त्या वाकल्या तेव्हा मार्तंडराव म्हणाले, "चौघांची टीम हाय म्हने. इथं तं तीन जन अन् एक गाठोडं दिसून राह्यलं." त्यांच्या टीममधले हसले. सिंधूताईंनी चप्पल ओळीत सरळ केली.

यानंतर मी वामनरावांकडे गेले आणि म्हटले, "काका, दोन वाजता तुमच्या टेबलावर ऊन येईल."

ते म्हणाले, "काऊन, ज्योतिषी हाय का वं तू?"

मी म्हटले, "नाही. मोजणीवाली."

सावली कुठे जाईल, असे त्यांनी विचारले. मी बोट दाखवले. ती जागा ओळीच्या दुसऱ्या टोकाला होती. सूर्य हलवण्यात माझा हात नाही.

१.५२ वाजता शाईच्या पॅडवर ऊन आले. पॅड वाळेल म्हणून वामनरावांनी टेबल उचलले आणि सावलीत, सिंधूताईंच्या चपलेशेजारी ठेवले. त्यामुळे ओळीचे शेपूट डोके झाले. त्या वेळी चार टीम नाल्याच्या पलीकडे जेवत होत्या. उकंडराव मला म्हणाले, "पोरी, तुले हे अगोदरच ठाऊक होतं?" मी पाणी पीत होते, त्यामुळे उत्तर दिले नाही.

नव्या जागी जमीन उतरती होती. टेबल डुगडुगत होते. वामनरावांनी इकडेतिकडे दगड पाहिला. मग ते ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेले, तिथला बूट उचलून आणला आणि टेबलाच्या नाल्याकडील मागच्या पायाखाली, गवतात, घातला. वेळ १.५६. मी त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "ज्याचा नंबर शेवटी, त्याले घाई नाई." बूट कोणाचा, हे त्यांना माहीत नव्हते. मला होते.

२.०० वाजता मार्तंडराव पळत आले. बूट न दिसल्याने त्यांनी आधी वामनरावांना विचारले. वामनराव म्हणाले, "तुमचा नंबर आला का बोला." मग मार्तंडरावांनी माझ्याकडे वळून विचारले, "तू घेतला का माहा बूट?" मी नाही म्हटले. बूट कुठे आहे, हे त्यांनी मला विचारले नाही. त्या वेळी तो त्यांच्यापासून साधारण साठ सेंटिमीटरवर होता.

वामनराव प्रत्येकाचे नाव वडिलांच्या नावासह लिहीत असल्याने एका टीमला सात मिनिटे लागत होती. आम्ही २.०७ वाजता निघालो. निघताना सिंधूताईंनी पिशवीतून जास्तीची चप्पल काढून मार्तंडरावांना दिली आणि म्हणाल्या, "घ्या भाऊ, काटे हायेत पुढं." ती उजवी, गुलाबी होती. बूट कुठे आहे हे सिंधूताईंना ठाऊक नव्हते. असते तर त्यांनी सांगितले असते. त्यानंतर पॉइंट तीनवर काय झाले ते मी पाहिलेले नाही. शेवटच्या पॉइंटवर मार्तंडराव तीच चप्पल घालून आले, ते पाहिले. सिंधूताईंची चप्पल अद्याप परत आलेली नाही. त्याबद्दल त्यांची तक्रार नाही.

मार्तंडरावांना तेव्हाच का सांगितले नाही, असे हवालदार श्रीमती शकुंतला यांनी मला विचारले. सांगायला हवे होते. सात किलोमीटर गुलाबी चपलेने चालल्यावर त्यांच्या टाचेला फोड आला, हे मला तक्रारीतून कळले. ते वाईट झाले. गाठोड्याचा उल्लेख तक्रारीत नाही, म्हणून तो इथे लिहून घ्यावा, अशी मी विनंती केली. लिहून घेतला आहे.

बूट आज कुठे आहे ते मला माहीत नाही. टेबलाचा तो पाय जिथे होता, त्या जागेचे अक्षांश-रेखांश मी वेगळ्या कागदावर देत आहे. तीन मीटरपर्यंत चूक धरावी. टेबल उचलणाऱ्याने बूट उचलला नसेल तर तिथे तो मिळेल. वामनरावांचा जबाब घ्यावा. दुपारी एक ते दोन सोडून जावे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी 'सूर्य हलवला' असे लिहिले गेले होते, ते दुरुस्त करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे, म्हणून सही करते.

सही/-
महामाया देवानंद इंगळे

विनंती: ही तक्रार माझ्याविरुद्ध चालू राहणार की बंद होणार, हे मला शुक्रवार, ६ मार्च २०२६ पर्यंत लेखी कळवावे. उत्तर माझ्या विरुद्ध असले तरी चालेल, पण त्या दिवसापर्यंत मिळावे.