खिडकीतली लिपस्टिक

अवो, आधी चहा खाली ठेवा, नाहीतर सांडन! मी ते खडूसारखी जाडजूड लिपस्टिक आणलती ना, गडद मरून? ओठावर लोण्यावानी फिरते म्हणे. दारव्ह्याले हळदीकुंकवाले जाचं होतं, म्हणून घाईघाईत खिडकीतून उचलली अन् लावली. लोणी कायचं, ओठ सोलून निघाले! पण रंग असा चढला का साऱ्या बाया इचारत होत्या, कोणती कंपनी?

घरी आली, त सासरे अंगणात सोयाबीनच्या पोत्यांवर खुणा करून राह्यलते. मले म्हणे, "सुनबाई, खिडकीतली हे नवी कांडी लय मऊ आहे. वासही भारी येते."

पाह्यते त काय, त्यांच्या हातात माही लिपस्टिक! "मामाजी, मंग मी ओठाले काय लावलं?"

सासरे माह्या तोंडाकडे पाह्यतच राह्यले. "पोत्यांवर खुणा कराची माही जुनी लाल कांडी तिथंच होती..."

मी मोरीकडे पळाली. साबण, खोबरेल तेल, सारं घासून पाह्यलं. दारातून सासरे म्हणे, "कायले घासतं पोरी? पाण्यापावसानं जात नाही, म्हणूनच त मी ते कांडी घेतो!"